जपूनरावांच्या ट्रेलरचा तळ

ट्रेलरच्या तळाला काय घालायचं हा प्रश्न घरात पहिल्यांदा निघाला, तेव्हा टेलरबाईंना वाटलं की चहा संपेपर्यंत हा विषयही संपेल. लोखंडी सांगाडा तयार होता, दोन चाकं लागली होती, गाडीच्या मागे अडकवायचा आकडा बसला होता. उरला होता तो फक्त तळ. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब. एवढ्या जागेवर कुठल्याही शहाण्या माणसाने प्लायवूडचा तुकडा टाकला असता, चार स्क्रू पिळले असते आणि हात धुऊन जेवायला बसला असता. पण टेलरबाईंचं लग्न शहाण्या माणसाशी झालेलं नव्हतं. ते जपूनरावांशी झालं होतं.

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते गल्लीने त्यांना बहाल केलं होतं. कुणी जिना उतरताना दिसलं, कुणी कपाला हात लावला, कुणी नुसती खुर्ची ओढली, तरी यांच्या तोंडून पहिला शब्द निघे तो 'जपून'. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, आणि स्टोअरकीपरचं काम वस्तू देण्याचं असतं ही गोष्ट कारखान्याला त्यांच्या गळी कधीच उतरवता आली नव्हती. वस्तू बाहेर गेली की वापरली जाते आणि वापरली की खराब होते, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. फिटर नवा पाना मागायला आला की आधी जुन्या पान्याची चौकशी, मग फिटरच्या वागणुकीची चौकशी, आणि अगदी निरुपायच झाला तर पाना हातावर ठेवताना ताकीद, की वरचा तेलकट कागद काढू नकोस.

घरातही तोच कारभार. सोफ्यावर कापडी कव्हर, त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर, आणि पाहुणे येणार असले की चादरीवर वर्तमानपत्र. टीव्हीचा रिमोट पिशवीत. गाडी घेऊन कितीतरी वर्षं झाली तरी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. उन्हाळ्यात गाडीतून उतरताना माणूस सीटवरून सोलून काढावा लागे. पाऊस आला की जपूनराव नवी छत्री शर्टाच्या आत घालून भिजत घरी येत आणि छत्री कशी कोरडी राहिली ते सगळ्यांना अभिमानाने दाखवत. टेलरबाईंनी या माणसापुढे कधीच हात टेकले होते. तोंड तेवढं टेकलेलं नव्हतं. ते चालूच असे.

यात गंमत अशी, की बाईंचं पोट चालत होतं ते नेमकं असल्याच लोकांवर. त्या कव्हरं शिवत. वॉशिंग मशीनची, स्कूटरची, सोफ्यांची, दवाखान्यातल्या बाकांची. गिऱ्हाईक समोर असेपर्यंत त्या अतिशय गोड बोलत आणि धूळ ही किती वाईट गोष्ट आहे ते पटवून देत. गिऱ्हाईकाची पाठ वळली की त्याची टर उडवणं हा त्यांचा विरंगुळा होता. माणसं हौसेने फ्रिज घेतात आणि आयुष्यभर त्याचा झगा बघत बसतात, असं त्या म्हणत.

त्यांची शिवणाची मशीन साधीसुधी नव्हती. जाड रेक्झिन आणि ताडपत्रीसुद्धा सहज शिवणारी, बिडाच्या पायांची, चौघांनी उचलली तरी कुरकुर व्हावी अशी. ती घराच्या बोळात उभी होती. स्वयंपाकघरात जायचं तर प्रत्येकाला मशीनपाशी तिरकं व्हावं लागे. लग्न झाल्यापासून बाई त्या घरात तिरक्याच चालत होत्या. आणि आता, इतक्या वर्षांनी, बाजाराच्या टोकाला त्यांना स्वतःचा गाळा मिळत होता. एक दार, एक खिडकी, एक दिव्याचं बटण, पण सगळं आपलं. रिकामा गाळा बघायला गेल्या त्या दिवशी बाई भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ चालल्या होत्या, आणि बाहेर येऊन त्यांनी डोळे पुसले होते.

घरापासून गाळा चालत दहा मिनिटांवर. टेम्पो सांगू, अर्ध्या तासात काम होईल, असं बाईंचं म्हणणं. टेम्पोवाले सामान आपटतात, असं जपूनरावांचं. आपणच एक छोटा ट्रेलर करू, गाडीला जोडू, मशीन अलगद नेऊ, आणि पुढेही तो आयुष्यभर कामाला येईल. बाईंचा धाकटा भाऊ वेल्डर होता. त्याला या कल्पनेत मजा वाटली आणि त्याने आठवड्याभरात सांगाडा जोडून दिला. ती त्याची चूक. त्याच्याच हाताने तळाला एक पत्रा डागून घेतला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

तळाची निवड जपूनरावांनी स्वतःकडे घेतली. साध्या प्लायवूडला त्यांनी दुकानातच नाक मुरडलं. पाणी पितं, कडा फुगतात, पापुद्रे सुटतात. दुकानदार म्हणाला की लोक ट्रेलरला हेच टाकतात. लोकांचं काय सांगता, असं म्हणून जपूनराव बाहेर पडले. मेहुण्याने नक्षीचा पत्रा सुचवला, बसच्या पायरीला असतो तसा. जपूनराव बसस्थानकावर गेले आणि एका उभ्या बसच्या पायरीशी गुडघे टेकून कोपऱ्यातला गंज नखाने खरवडू लागले. कंडक्टरला वाटलं की यांना चक्कर आली. त्याने पाणी आणलं. ते पाणी जपूनरावांनी पायरीवर ओतलं आणि ते कुठे साचतं ते पाहिलं.

अॅल्युमिनियमला पोचा येतो हे सिद्ध करायला त्यांनी दुकानदाराच्या मालावर हातोडी मारली, आणि त्या दुकानाचा रस्ता कायमचा बंद झाला. प्लास्टिकच्या फळीचा एक नमुना त्यांनी उन्हात टिकतो का ते पाहायला गच्चीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी बाई कपडे वाळत घालायला गेल्या, तर त्या नमुन्यावर टॉवेल पांघरलेला. ऊन फार आहे, रंग उडेल, असा खुलासा मिळाला. पाइनच्या फळ्यांना डिंक सुटतो, गाठी निखळतात आणि वासही बरा नाही, म्हणून त्याही बाद.

"तुम्हाला तळ नकोय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला जावई हवाय."

जपूनरावांनी ते मनावर घेतलं नाही. एक-दोन आठवडे गेले तरी काय बिघडणार आहे, असं त्यांचं मत. बिघडणार होतं ते बाईंचं. गाळा किती दिवस रिकामा ठेवायचा म्हणून गाळामालक कुरकुरायला लागला होता. एक चावीवाला रोज सकाळी येऊन गाळ्याच्या पायरीवर आपलं स्टूल टेकवून बघत होता, जागा मापात बसते का ते. शेवटी मालकाने स्पष्टच सांगितलं की येत्या रविवारी दुपारी बारापर्यंत मशीन आत दिसली नाही तर गाळा चावीवाल्याचा. बाईंनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा जपूनरावांनी मान डोलावली आणि ते तडक लाकडाच्या वखारीत गेले.

वखारीत त्यांना तो तळ भेटला. एक जुनं नाटकगृह पाडलं होतं आणि त्याच्या रंगमंचाच्या सागवानी फळ्या वखारवाल्याने कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. वरून काळ्याकुट्ट, मळकट. जपूनराव तिथूनही नाक मुरडून निघाले असते, पण वखारवाल्याने एका फळीवर रंधा मारला. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, रेषा अशा की कुणी बसून काढल्यात. जपूनरावांनी त्यावरून हात फिरवला आणि तो बराच वेळ उचललाच नाही.

"यावर राजे चालले, राण्या चालल्या, मारामाऱ्या झाल्या," वखारवाला म्हणाला. "काही झालं नाही याला. तुमच्या ट्रेलरनं काय होणारे?"

फळ्या घरी आल्या. जपूनरावांनी रजा टाकली. आजारपणातही रजा न घेणारा माणूस रजेवर गेला म्हणून कारखान्यात लोक काळजीत पडले. खालून पट्ट्या मारून त्यांनी अखंड तळ जोडला, घासला, जवसाचं तेल पाजलं, पुन्हा घासला, पुन्हा तेल पाजलं. सांगाड्यावर तो बसवून झाला तेव्हा अंगणात ऊन उतरलं होतं आणि तो तळ नुसता झळकत होता. वेल्डर मेहुणा काळ्या हाताने त्याला शिवायला गेला आणि स्वतःच थांबला. बाईसुद्धा पदराला हात पुसत बाहेर आल्या, क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, छान झालंय हो. मनापासून म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या कामाला छान म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते नको त्या वेळी.

"मग मशीन कधी चढवायची?" त्यांनी विचारलं.

"कशावर?" जपूनराव म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. थट्टा त्यांना जमत नसे. या लाकडावर बिडाचे पाय ठेवायचे ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. बाईंनी त्यांना आठवण करून दिली की ट्रेलर मशीन न्यायला केला आहे, आणि राजेराण्या ज्यावर चालल्या त्याला शिवणाच्या मशीनने काही होत नाही. जपूनराव म्हणाले की राजेराण्यांना बिडाचे पाय नव्हते. मेहुण्याने मध्ये तोंड घातलं आणि मशीनखाली काहीतरी घालू या म्हणाला. ही त्याची दुसरी चूक.

काहीतरी म्हणून आधी लोकरीचा नमदा आला, जाड, मऊ, तळाच्या मापाचा. लाकडावर तो शोभलाही. पण नमदा धूळ धरतो, आणि धुळीचा नमदा म्हणजे सँडपेपरच. तेव्हा नमद्यावर रेक्झिनचं कव्हर हवं, चारी बाजूंनी इलॅस्टिक लावलेलं. ते शिवायचं कुणी, हे सांगायलाच नको. ज्या मशीनचं त्या ट्रेलरवर चढणं अडलं होतं, त्याच मशीनवर बाई ते अडवणारं कव्हर शिवत बसल्या, आणि प्रत्येक टाक्याला त्यांनी नवऱ्याच्या अकलेचा उद्धार केला. टाके मात्र सरळ घातले. वाकडा टाका त्यांच्या हातून पडत नसे, राग असला तरी.

कव्हर चढलं. आता मशीनच्या पायांनी रेक्झिन फाटेल, तेव्हा त्यावर काहीतरी कडक पाहिजे. जपूनराव पहिल्या दुकानात गेले आणि साधं प्लायवूड घेऊन आले. दुकानदाराने त्यांना ओळखलं. शेवटी ट्रेलरला हेच टाकताय ना, असं त्याने हसत विचारलं, तर जपूनराव म्हणाले की छे, हे तळाच्या कव्हरचं कव्हर आहे. प्लायवूडच्या कडा रेक्झिनला घासू नयेत म्हणून मध्ये सतरंजी घातली. आणि प्लायवूड आता घरात आलेलं असल्यामुळे तेही जपायच्या वस्तूंत जमा झालं, म्हणून त्यावर गोणपाट.

एवढा डोलारा उभा राहिल्यावर मेहुण्याने सांगितलं, की ट्रेलरच्या बाजूंच्या कडा आता बुडाल्या. पहिल्याच वळणाला मशीन रस्त्यावर. मग कडा उंच करायला त्याने आणखी अँगल डागले. डागताना ठिणग्या उडू नयेत म्हणून जपूनराव ओली चादर घेऊन त्याच्या डोक्याशी उभे. दोनदा त्यांनी ती चादर ठिणग्यांऐवजी मेहुण्यावरच टाकली. शनिवारी संध्याकाळी तो ट्रेलर इतका सुरक्षित झाला होता, की त्यात फक्त सामान ठेवायचं राहिलं होतं.

रविवारी सकाळी मशीन चढवली. गल्लीतली दोन माणसं मदतीला बोलावली होती. सगळ्यांनी जोर लावून उचलली, उंच कडांवरून वर घेतली आणि अलगद गोणपाटावर टेकवली. जपूनराव बाजूने जपून, जपून म्हणत नाचत होते, हात मात्र त्यांनी फक्त तळाला लावला होता. मशीन टेकली आणि ट्रेलर खाली बसला. आणखी बसला. शेवटी चाकांवरचे पत्रे चाकांना टेकले आणि गाडीचं नाक वर झालं.

मेहुणा वाकून बघून आला. "भाऊजी, चाक फिरायचं नाही आता. लाकूड, प्लाय, वरचे अँगल, सगळं मिळून वजन भलतंच झालंय. यातलं काहीतरी उतरवायला पाहिजे."

जपूनरावांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली. त्यांनी थरांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि स्टोअरकीपरला शोभेल असा निर्णय दिला.

"मशीन उतरवा," ते म्हणाले.

मदतीला आलेली दोन माणसं तिथल्या तिथे घरी गेली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडे गाळामालक होता. चावीवाला स्टूल घेऊन पायरीवर बसलाय बाई, साडेदहा झालेत, तुम्ही येताय की त्याला आत घेऊ, असं तो विचारत होता. बाई येते म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. पायरीवर बसलेला तो माणूस त्यांना स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्या पाठीमागे तो गाळा, ज्यात त्या एकदाच सरळ चालल्या होत्या. आज तो गेला तर त्या पुन्हा बोळातच, मशीनपाशी तिरक्या, मरेपर्यंत. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. समोर विळा-कोयता काही नव्हतं हे जपूनरावांचं नशीब.

ओरडायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण त्याच वेळी रस्त्यावरून एक ट्रक धूळ उडवत गेला, आणि जपूनरावांनी खिशातला रुमाल काढून तळाची कड पुसली. पुसताना त्यांच्या चेहऱ्यावर जी कळ उठली, ती बाईंच्या फार ओळखीची होती. रोज दोन-चार गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर त्या ती बघत होत्या. नव्हे, स्वतःच ती उठवत होत्या. बाईंनी तोंड मिटलं, पदर सारखा केला आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज काढला. नवऱ्याशी त्या आवाजात त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"अहो, एक विचारू? हे वरून सगळं झाकलंत, ते बरंच केलंत. पण खालून काय?"

"खालून?"

"खालची बाजू उघडीच आहे ना. चाकांचे खडे उडणार, चिखल उडणार. सगळा मार खालूनच की."

जपूनराव खाली वाकले. मग गुडघ्यांवर आले. मग सरळ पाठीवर झोपून ट्रेलरखाली शिरले. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि पाय हलत नव्हते. खालच्या बाजूचा विचार त्यांनी केलाच नव्हता. इतक्या थरांच्या धामधुमीत त्यांचं लाडकं लाकूड खालून उघडंनागडं राहिलं होतं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग आता गं?"

"मी काय म्हणते, एवढं सोन्यासारखं लाकूड रस्त्यावर न्यायचंच कशाला? काढून ठेवू या. माझ्या गाळ्यात छप्पर आहे, दार आहे, कुलूप आहे. ऊन नाही, धूळ नाही. दोन उंच लाकडी घडवंच्या ठेवल्या की त्यांच्यावर आडवं बसेल. पडून राहील निवांत."

"आणि ट्रेलरला?"

"ट्रेलरला काय, ते प्लायवूड टाका. खराब झालं तर झालं."

जपूनरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. मग त्यांनी पेचकस घेतला. ज्या माणसाला तळ ठरवायला इतके आठवडे लागले, त्याने तो मेहुण्याच्या मदतीने बघता बघता उतरवला. मशीन खाली आली, थर निघाले, उंच केलेल्या कडा मेहुण्याने कापून टाकल्या, सांगाड्यावर प्लायवूड पडलं आणि त्याला चार स्क्रू बसले. मदतीला आलेली माणसं पुन्हा हाका मारून आणावी लागली. ती आली, पण तोंडं वाकडी करून. मशीन पुन्हा चढली, आणि या वेळी ट्रेलर नीट उभा राहिला.

एकच अडचण उरली. सागवानी तळ गाळ्यापर्यंत न्यायचा कसा? बाई म्हणाल्या, मशीनच्या बाजूला उभा टाकू, सतरंजीत गुंडाळून. जपूनराव दचकले.

"ट्रेलरवर? त्याचा काय भरवसा?"

त्यामुळे पुढची वरात अशी निघाली. पुढे गाडी, ती बाई स्वतः चालवत, मागच्या सीटवर मदतीची दोन माणसं, मागे ट्रेलर, ट्रेलरवर मशीन. आणि त्यामागे, सतरंजीत गुंडाळलेला ट्रेलरचा तळ खांद्यावर घेऊन, जपूनराव आणि त्यांचा मेहुणा पायी. ज्या तळाचा जन्म ओझं वाहण्यासाठी झाला होता तो दोन माणसांच्या खांद्यांवर बसून बाजार बघत चालला होता. रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती. एका म्हाताऱ्याने तर सायकलवरून उतरून मान खाली घातली. मेहुण्याला हसू आवरेना, आणि तो हसला की तळ हलत होता, आणि तळ हलला की पुढून जपूनराव ओरडत होते.

बाई बाराच्या आत पोचल्या. गाळामालकाने घड्याळात पाहिलं आणि कुलूप काढलं. चावीवाल्याने एक सुस्कारा सोडला, मशीनला हातभार लावला आणि स्टूल काखेत मारून निघून गेला. मशीन खिडकीपाशी लागली. तळ आला, बाईंनी गाडीतून आणलेल्या घडवंच्यांवर आडवा झाला, आणि जपूनरावांनी मागे सरून समाधानाने पाहिलं. बाईंनीही पाहिलं. कंबरेइतका उंच, सहा फूट लांब, आरशासारखा सपाट. इतकी वर्षं त्या जमिनीवर ओणव्या होऊन कापड कापत होत्या. अख्ख्या बाजारात असं कटिंग टेबल कुणाकडे नव्हतं.

मनातल्या मनात बाई हसून लोळल्या. पडून राहील निवांत म्हणे. त्यांनी सूड कसा घ्यायचा ते तिथेच ठरवून टाकलं. पहिलं काम येऊ दे, की या लाकडावर नवऱ्यादेखत धारदार सुरी चालवायची. एकदा नाही, दहादा. बघू दे त्याला, वस्तू वापरतात म्हणजे काय करतात ते.

पहिलं काम दुसऱ्याच दिवशी आलं, दवाखान्यातल्या बाकाचं. संध्याकाळी कारखान्यातून येताना गाळ्यावर या, असा निरोप बाईंनी नवऱ्याला मुद्दाम पाठवला. ते आले आणि चहाचा पेला घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी हिरवं रेक्झिन टेबलावर पसरलं, खडूने रेघ मारली, पोलादी पट्टी लावली आणि सुरी उचलली. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहून घेतलं. मग सुरीचं टोक रेघेवर टेकवलं.

टोक टेकलेलंच राहिलं. रेक्झिनच्या कडेपलीकडे लाकूड दिसत होतं, खिडकीतल्या उन्हात मधासारखं. त्यातली एक रेघ वळत वळत नेमकी सुरीखाली जात होती. बाईंनी सुरी थोडी दाबली, आणि पुन्हा उचलली. जरा पट्टी हलली, असं त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग सुरी बाजूला ठेवून त्यांनी कोपऱ्यातला एक जाड पुठ्ठा आणला आणि रेक्झिनखाली सरकवला. पुठ्ठा लाकडावरून खरखरला. तो आवाज काही बाईंना सोसला नाही. त्यांनी पुठ्ठा काढला, एक जुनी चादर चौपदरी केली आणि ती आधी अंथरली.

जपूनराव चहा पीत हे सगळं बघत होते. ते पुढे आले आणि त्यांनी टेबलावर कोपर टेकवलं.

"काय गं हे? कापायला घेतलंस की पूजेला? टेबल आहे ते. कापायचं, ओरखडे पडायचेच. वस्तू वापरण्यासाठी असते."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही म्हणताय हे?"

"मग? माझ्याकडे होतं तोवर मी जपलं. आता ते तुझ्याकडे दिलंय. वस्तू स्टोअरच्या बाहेर गेली की मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. फिटर काय करायचं ते करो," असं म्हणून जपूनरावांनी उरलेला चहा संपवला आणि बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत जी कीव होती ती बाई चांगलीच ओळखत होत्या. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की त्या स्वतः अशाच बघत असत. "इतकंही जपू नये माणसाने. लोक हसतात."

जपूनरावांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. तो त्यांनी नीट टेकवायच्या आधीच बाईंनी अधांतरी पकडला, खालची ओली कड पदराने पुसली, आणि त्यांना टेबलावरचं कोपर उचलायला सांगितलं.